शिष्यवृत्ती आहे, तरी मूल गळतं: खान्देशातल्या कॉलेजांनी मिळून निधीचा प्रकल्प कसा करावा

अनुसूचित जमातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. एसटीचा पास सवलतीत मिळतो. कागदावर पाहिलं तर नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या मुलीला पदवीपर्यंत जायला पैशाची अडचण यायलाच नको.

अडचण येते ती या योजनांच्या मधे. जूनमध्ये खोलीची अनामत लागते, खानावळीचे पैसे आगाऊ लागतात, दाखले काढायला तालुक्याला चार खेपा होतात. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज त्यानंतर भरला जातो, कॉलेज तो पडताळतं, मग वरचं कार्यालय पडताळतं, आणि रक्कम खात्यात पडेपर्यंत पहिलं सत्र संपत आलेलं असतं. दिवाळीला घरी गेलेला मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातो आणि सत्र परीक्षेला परत येत नाही. त्याचं नाव मात्र कॉलेजच्या पटावर वर्षभर राहतं.

अनेक कॉलेजांनी मिळून, बाहेरून निधी आणून करायचा प्रकल्प या मधल्या जागेसाठी असावा. सरकार जे आधीच देतं तेच पुन्हा देणारा प्रकल्प मंजूर झाला तरी वाया जातो. दुबार लाभ म्हणून लेखापरीक्षणात अडकतो तो वेगळाच.

आकडा काय सांगतो

उच्च शिक्षणाचा प्रसार मोजायला सकल नोंदणी प्रमाण वापरतात. १८ ते २३ वयोगटाची लोकसंख्या खाली आणि उच्च शिक्षणात नाव असलेले, कोणत्याही वयाचे, सगळे विद्यार्थी वर. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं हे प्रमाण २८.४ टक्के होतं, महाराष्ट्राचं ३५.३ आणि देशातल्या अनुसूचित जमातींचं २१.२. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आहे.

प्रस्तावात हे आकडे द्यावेत, पण त्यांच्यावर प्रकल्प उभा करू नये. हे प्रमाण नोंदणी मोजतं, टिकणं मोजत नाही. शिवाय विद्यार्थी जिथे शिकतो तिथे मोजला जातो. नवापूरचा मुलगा सुरतेत शिकत असेल तर तो गुजरातच्या खात्यात जातो. निधी देणाऱ्याला गळतीची पायरी दाखवावी लागते, आणि ती कॉलेजच्या स्वतःच्या दप्तरातून निघते. मागच्या तीन वर्षांतल्या प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पाच नोंदी काढा: प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म, परीक्षेला हजेरी, द्वितीय वर्षाचा प्रवेश. ही माहिती प्रत्येक कॉलेजात असतेच, फक्त तीन वेगवेगळ्या कारकुनांच्या कपाटांत. एका तक्त्यात आणली की खड्डा कुठे आहे ते लगेच दिसतं. परीक्षा फॉर्म ही सगळ्यांत खरी खूण आहे. हजेरीपट कसा भरला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पण परीक्षा फॉर्म न भरलेला मुलगा जवळजवळ नक्कीच गेलेला असतो.

एका कॉलेजचं काम का नाही

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं ते जळगाव-धुळ्यासाठी. १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि आता तिन्ही जिल्हे त्याच्याखाली आहेत. विद्यार्थ्याची वाट एका कॉलेजात मावत नाही. बारावी मोलगीकडे, बी.ए. तळोद्याला, एम.एस्सी. जळगावला असा प्रवास असतो. मधे कुठे मूल गळलं तर कोणत्याच कॉलेजला ते आपलं वाटत नाही.

दुसरं कारण पैशाचं. पूर्णवेळ समन्वयक ठेवायचा तर साठ मुलांसाठी तो परवडत नाही, अडीचशे मुलांसाठी परवडतो. तिसरं कारण कार्यालयांचं. आदिवासी विकासाची एकात्मिक प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशा चार ठिकाणी आहेत. चोपड्याचा मुलगा यावलच्या कार्यालयाचा आणि शिकतो धुळ्यात, हे नेहमीचं. चार कॉलेजांनी मिळून एकच माणूस या चार कार्यालयांशी बोलायला ठेवला तर प्रत्येक प्राचार्याचे फोन वाचतात.

पण मिळून करण्यात एक भीती असते, आणि ती बैठकीत कोणी बोलून दाखवत नाही: भागीदार कॉलेज आपली मुलं पळवेल. विनाअनुदानित तुकडीचा पट कमी झाला की तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची नोकरी जाते, म्हणून ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच. प्रकल्पाच्या प्रवेश मदत केंद्राने मुलाला कॉलेज सुचवायचं नाही, अभ्यासक्रम आणि त्याची ठिकाणं सांगायची. आणि प्रकल्पाचं यश कॉलेजवार न मोजता एकत्र मोजायचं, हे करारात आधीच लिहायचं.

पैसा कुठून, आणि कोणत्या पैशाला कोणती दोरी

केंद्राचा रस्ता पीएम-उषा योजनेचा आहे. जुन्या रुसाचं, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाचं, हे पुढचं रूप. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी १२,९२६.१० कोटी रुपये मंजूर झाले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र-राज्य वाटा ६०:४० असा ठेवला. कमी नोंदणीचे आणि आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेले, जिल्हे याचे प्राधान्याचे; नंदुरबार हा राज्यातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. मात्र हा पैसा राज्यामार्फत येतो, त्याचा मोठा भाग बांधकाम आणि साहित्याकडे जातो, आणि चार संस्थाचालकांच्या कॉलेजांनी परस्पर अर्ज करावा अशी ती रचना नाही. प्रयोगशाळा हवी असेल तर तिकडे जावं. समन्वयकाचा पगार हवा असेल तर दुसरं दार शोधावं.

ते दार बहुधा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं, म्हणजे सीएसआरचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी काहीही एक असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसतं. तुमच्या बाजूला हव्या असतात त्या गोष्टी अशा: नोंदणीकृत विश्वस्त संस्था, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी), सीएसआर-१ क्रमांक (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदणीचा, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा), आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. कॉलेजची स्वतःची अशी नोंदणी नसते, ती संस्थेच्या नावावर असते. प्राचार्यांच्या सहीने पाठवलेला प्रस्ताव इथेच परत येतो. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर करून घ्यावा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळू शकतात. एक वर्षाच्या मंजुरीत प्रथम वर्षाची मुलं द्वितीय वर्षात गेली की नाही तेसुद्धा कळत नाही.

परदेशी पैशाचं वेगळं आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमात उच्च शिक्षणाच्या क्षमताबांधणीसाठी दोन-तीन वर्षांचे संयुक्त प्रकल्प असतात, आणि भारतातल्या संस्था त्यात भागीदार होऊ शकतात. पण विश्वस्त संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान कायदा २०१० खाली नोंदणी लागते, खातं स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ती दुसरी नोंदणीकृत असली तरी. म्हणजे ‘अग्रणी कॉलेजने घ्यायचा आणि बाकीच्या तिघांना वाटायचा’ हा सगळ्यांच्या डोक्यात पहिला येणारा आराखडा इथे बेकायदा ठरतो. पहिल्याच प्रकल्पासाठी या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथा स्रोत लहान पण सर्वांत मोकळा: माजी विद्यार्थी, गावातले व्यापारी, पतसंस्था. जिथे मोठा निधी नियमांमुळे चालत नाही तिथे हा चालतो. कुठे, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

नमुन्याचा हिशेब

समजा चार कॉलेजं, प्रत्येकी प्रथम वर्षाची ६० मुलं, एकूण २४०. ही रक्कम नमुन्याची आहे, दर आपापल्या गावचे घालावेत.

पूर्णवेळ समन्वयक, दरमहा ३०,००० प्रमाणे वर्षाला ३,६०,०००. दहा मुलांमागे एक असे २४ विद्यार्थी-मार्गदर्शक, महिना १,५०० प्रमाणे दहा महिने, ३,६०,०००. मे ते जुलै चार ठिकाणी प्रवेश मदत केंद्रं, केंद्रामागे महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००. सेतू वर्ग (बारावीतून पदवीला येताना राहिलेलं भरून काढणारे) प्रत्येक कॉलेजात ६० तास, तासाला ५०० प्रमाणे १,२०,०००. वसतिगृह नसलेल्या १०० मुलांना प्रवासखर्चाची भर, महिना ४०० प्रमाणे दहा महिने, ४,००,०००. दाखल्यांची १२ शिबिरं, प्रत्येकी ८,००० प्रमाणे ९६,०००. हिशेब आणि लेखापरीक्षण ६०,०००. बेरीज १५,४०,०००, म्हणजे मुलामागे साधारण ६,४०० रुपये.

याशिवाय फिरता निधी: ८० मुलांना प्रत्येकी ४,००० उसने, एकूण ३,२०,०००. शिष्यवृत्ती किंवा स्वयम् योजनेचे पैसे आले की मुलाने ते परत करायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायचे. या रकमेसाठीच स्थानिक देणग्या राखून ठेवाव्यात. अनुदानाच्या हिशेबात ‘खर्च झाला’ की ‘शिल्लक आहे’ एवढंच विचारलं जातं. उसने दिलेले पैसे धड खर्चही नसतात, धड शिल्लकही नसतात, आणि लेखापरीक्षक तिथेच लाल शाई वापरतो. वसुली सगळी होणार नाही हे धरून दरवर्षी दहा टक्क्यांची, म्हणजे ३२,००० ची भर ठेवावी. सक्तीच्या वसुलीच्या भानगडीत पडू नये; मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं तर मुळीच नको. त्या भीतीनेच मुलं पुढच्या वर्षी येत नाहीत.

प्रस्तावात संगणक आणि स्मार्ट बोर्ड घालायचा मोह टाळावा. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कुणाच्या नावावर राहील याचे नियम आहेत, आणि चार संस्थांच्या प्रकल्पात ‘तो प्रोजेक्टर कुणाचा’ हा वाद प्रकल्पापेक्षा जास्त टिकतो.

मुलापर्यंत काय पोचतं

दाखल्यांच्या शिबिरात सर्वांत जास्त वेळ नावांच्या स्पेलिंगवर जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर इंग्रजीत पाडवी एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, बँकेत तिसऱ्या तऱ्हेने. वसावे, वळवी, पावरा, सगळ्यांचं हेच. म्हणून शिबिराला आधार दुरुस्तीचं यंत्र आणि बँकेचा माणूस दोघेही एकाच दिवशी लागतात. बँकेचं काम नुसतं ‘खात्याला आधार जोडलंय’ एवढ्यावर संपत नाही. थेट लाभाचे पैसे ज्या खात्यात यायचे ते खातं राष्ट्रीय देयक निगमाच्या (एनपीसीआय) यादीत आधारशी नोंदलेलं असावं लागतं. मुलाची दोन खाती असली की पैसे भलत्याच, बंद पडलेल्या खात्यात जातात आणि मूल म्हणतं शिष्यवृत्ती आलीच नाही.

अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात पडताळणी लागते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा जुना उतारा, जन्म-मृत्यूची नोंद. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर त्या काळी शाळाच नव्हती तिथे हे कागद शोधायला महिने जातात. हे काम अकरावीत सुरू करावं. बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर ते वर्ष गेलंच.

स्वयम् योजनेच्या अटी मुलांना नीट कोणी सांगत नाही. वसतिगृहात राहणाऱ्याला ती मिळत नाही, आणि कॉलेज ज्या गावात आहे त्या गावच्या रहिवाशालाही नाही. मदत केंद्रात वसतिगृहाचा आणि स्वयम् योजनेचा अर्ज एकाच बैठकीत समजावून सांगितला की निम्मी धावपळ वाचते.

सेतू वर्गाचे साठ तास बहुतेक ठिकाणी इंग्रजी व्याकरणात घालवतात. त्यापेक्षा पहिले वीस तास विषयाच्या शब्दांसाठी ठेवावेत: ‘सविस्तर लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘आलेख काढा’ असा प्रश्न आला की उत्तर कसं मांडायचं, क्रेडिट म्हणजे काय, अंतर्गत गुण कशाला मिळतात, एटीकेटी लागली म्हणजे नापास झालो असं नाही. हे तास पावरी, भिलोरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांनी घ्यावेत. मराठी ही इथल्या कित्येक मुलांची दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी.

मार्गदर्शकाचं काम दिवाळीच्या सुट्टीत सर्वांत महत्त्वाचं. आपल्या दहा मुलांपैकी कोण कुठे गेलं, परीक्षेची तारीख त्याला कळली का, एवढं त्याने पाहायचं. जानेवारीत शोधलेलं मूल परत येत नाही. होळीच्या दिवसांत, भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात, अंतर्गत परीक्षा ठेवू नयेत. यासाठी दमडी लागत नाही, फक्त चार कॉलेजांनी मिळून वेळापत्रक करावं लागतं.

करार आणि हिशेबाचं वेळापत्रक

सामंजस्य करारावर प्राचार्यांसोबत संस्थेच्या अध्यक्ष किंवा सचिवांची सही हवी. निवडणुकीनंतर संचालक मंडळ बदललं की नुसत्या प्राचार्याच्या सहीला कोणी विचारत नाही. करारात प्रत्येकाचं काम, रक्कम, हिशेबाची तारीख, बाहेर पडायचं असेल तर किती दिवसांची सूचना, आणि मुलांची माहिती कुणाला दाखवायची, हे हवं. कंपनीला मुलांची संख्या कळवावी, आधारच्या प्रती नव्हे.

पैसे वाटायचे दोन प्रकार आहेत. एकात अग्रणी संस्था सगळी बिलं स्वतः भागवते. हिशेब स्वच्छ राहतो, पण धडगावच्या मार्गदर्शकाचे १,५०० रुपये जळगावच्या सहीसाठी अडकतात. दुसऱ्यात भागीदारांना हप्त्याने पैसे देतात. काम वेगाने होतं, पण एका भागीदाराचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलं नाही की चौघांचा पुढचा हप्ता थांबतो. मानधनं आणि पगार अग्रणीने थेट खात्यात टाकावेत, शिबिरं आणि केंद्रांसाठी भागीदारांना तीन महिन्यांची छोटी उचल द्यावी, आणि मागच्या उचलीची बिलं आल्याशिवाय पुढची देऊ नये. दर महिन्याच्या ७ तारखेला चारही कॉलेजांची बिलं एका जागी यायला हवीत. प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खातं उघडावं. केंद्राचं अनुदान असेल तर त्यावरचं व्याजही परत करावं लागतं, आणि उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावं लागतं. पुढच्या हप्त्याची घाई असेल तर तुम्ही ते एप्रिल-मेमध्येच तयार ठेवाल.

कॉलेजचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पैशाचं एप्रिलमध्ये. मंजुरी ऑगस्टमध्ये आली आणि पहिला हप्ता नोव्हेंबरात, तर त्या वर्षीचा प्रवेशाचा हंगाम गेलेला असतो. मग मार्चअखेर खर्च दाखवायला कार्यशाळा, बॅनर आणि पुष्पगुच्छ निघतात. प्रस्तावातच लिहून टाकावं की पहिला हप्ता असा उशिरा आला तर पहिल्या वर्षी फक्त दुसऱ्या सत्राचं काम, गळतीचा तक्ता आणि पुढच्या मे महिन्याची तयारी होईल, उरलेली रक्कम पुढच्या वर्षात जाईल. कंपनी हे मान्य करते, आधी सांगितलं असेल तर. चालू प्रकल्पाची शिल्लक तिला वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, तशी तरतूद कायद्यातच आहे.

शेवटच्या वर्षाचं नियोजन दुसऱ्या वर्षातच करावं लागतं. समन्वयकाचा पगार चार कॉलेजांनी २५ टक्के प्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात उचलायचा, मदत केंद्र राष्ट्रीय सेवा योजनेच्या उन्हाळी कामात घालायचं, आणि विद्यार्थी-मार्गदर्शकांपैकी जितक्यांना बसवता येईल तितक्यांना कमवा व शिका योजनेत घ्यायचं. फिरता निधी एका कॉलेजकडे न ठेवता चौघांच्या सह्यांच्या खात्यात राहू द्यावा, आणि त्या खात्याला वर्षातून एकदा, जुलै संपल्यावर, लेखापाल बसवावा.